चांदी आतून किती खरी? एका गाजलेल्या संशोधनाची सराफाच्या नजरेतून समीक्षा

पेट झाली, गाईड मिळाले, आता प्रपोजल लिहायचंय, अशा टप्प्यावरचे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. त्यांच्यासाठी आज एक जुनं, मोठं संशोधन उघडून बघू. ते आहे रोमन साम्राज्याच्या चांदीच्या नाण्यांवर. पण त्याचं बलस्थान आणि त्यातली चूक दोन्ही समजून घ्यायला नाशिकचा सराफ बाजार जास्त उपयोगी पडतो, म्हणून आधी तिथे जाऊ.

जुनं चांदीचं भांडं मोडीत द्यायला नेलं की हल्ली दुकानदार ते एका यंत्रात ठेवतो. अर्ध्या-एक मिनिटात स्क्रीनवर आकडा येतो: चांदी इतके टक्के, तांबं इतके, जस्त इतके. आपण खूश. पण भांडं जड असेल, जुनं असेल, तर अनुभवी सराफ तेवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, "आतून बघावं लागेल." मग कडेला कानस मारणं, छोटा तुकडा कापणं, नाहीतर सरळ वितळवणं. गिऱ्हाइकाला वाटतं, आकडा आला ना, मग कापाकापी कशाला? याला आपल्यावर विश्वास नाही की स्वतःच्या मशीनवर?

माझं म्हणणं असं, की सराफाची ही शंका हा अस्सल संशोधकाचा प्रश्न आहे. हाच प्रश्न पुरेशा खोलवर न विचारल्यामुळे एका नामांकित अभ्यासातले आकडे कित्येक वर्षं पुस्तकांतून चुकीचे फिरत राहिले.

कारागीर चांदीला काय करतो

नाशिक हे तीर्थाचं गाव. त्यामुळे गोदाकाठाजवळच्या सराफ बाजारात दागिन्यांइतकीच पूजेची भांडी दिसतात: ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन, समई, करंडा. ही भांडी शंभर टक्के शुद्ध चांदीची करणं अवघड असतं, कारण शुद्ध चांदी मऊ. रोजच्या वापरात तिला पोचे पडतात. म्हणून तिच्यात थोडं तांबं मिसळतात. ९२५ चांदी म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेला भाग बहुतेक वेळा तांब्याचा.

आता कामाची रीत बघा. धातू मुशीत वितळवून त्याची लगड ओततात. ती ठोकून किंवा रोलरमधून काढून पत्रा करतात. ठोकता ठोकता पत्रा कडक होतो, पुढे ठोकला तर तडकतो. म्हणून तो मध्येमध्ये तापवून मऊ करावा लागतो. एका भांड्यासाठी हे पुन्हा पुन्हा होतं. प्रत्येक वेळी तापवताना हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाजवळच्या तांब्याला धरतो आणि वर काळपट थर येतो. तो काढायला जुन्या काळापासून चिंचेसारखी आंबट वस्तू वापरतात, आज सौम्य सल्फ्युरिक आम्ल. आम्लात तांब्याचं ऑक्साइड विरघळतं, चांदी मात्र जागेवर राहते.

परिणाम काय? भांड्याच्या सालीतलं तांबं कमी झालं. वरची साल आतल्या गाभ्यापेक्षा जास्त चांदीची झाली. भांडं पांढरंशुभ्र दिसतं ते यामुळे. यात लबाडी काही नाही, हा कामाचाच भाग आहे. साध्या भाषेत याला चांदी उजळणं म्हणतात. शोधनिबंधात हीच गोष्ट 'पृष्ठभागाचं समृद्धीकरण' अशा भारदस्त नावाने येते.

लबाडी करणाऱ्याला हाच गुण कामी येतो, ही गोष्ट वेगळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनाराने धातू चोरण्याच्या पद्धती नावानिशी दिल्या आहेत. त्यातली एक 'पेटक': आत हलका धातू, वर मौल्यवान धातूचं आवरण. म्हणजे वरचं आणि आतलं वेगळं असू शकतं, हे आपल्याकडे लेखी नोंदवून फार काळ झाला.

यंत्र नेमकं काय बघतं

दुकानातलं यंत्र एक्सआरएफ तत्त्वावर चालतं. क्ष-किरण धातूवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतं. ते मोजून कुठलं मूलद्रव्य किती, याचा हिशेब होतो. वस्तूला ओरखडाही येत नाही. वेळ वाचतो. यंत्र वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण बाहेर पडणाऱ्या किरणांना धातूतूनच वाट काढावी लागते. तांब्याच्या मुख्य किरणांची ऊर्जा साधारण ८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, चांदीच्या मुख्य किरणांची साधारण २२. तांब्याचे किरण चांदीच्या ५ मायक्रोमीटर खोलीवरून निघाले, तर सरळ बाहेर येतानाही त्यातले जवळपास दोन तृतीयांश वाटेतच शोषले जातात. चांदीच्या २२ वाल्या किरणांचे त्याच वाटेवर १० टक्क्यांहून कमी जातात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून ५ मायक्रोमीटर म्हणजे किती ते बघा. म्हणजे यंत्राला चांदी थोडी खोलवरची दिसते, पण तांबं दिसतं ते फक्त अगदी वरच्या सालीतलं. आणि तांबं नेमकं तिथूनच गेलेलं असतं!

एक कच्चा हिशेब करून पाहू. समजा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा आहे. गाभ्यात ८० टक्के चांदी आणि दोन्ही बाजूंना २० मायक्रोमीटरची साल ९८ टक्क्यांची. दोन्ही साली मिळून पत्र्याच्या जाडीच्या फक्त ४ टक्के होतात. यंत्राचा आकडा ९८ च्या आसपास झुकेल. वितळवलं तर सरासरी ८१ च्याही आत येईल. यंत्र खोटं बोललं का? नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं. आपण सालीबद्दल विचारलं आणि उत्तर भांड्याबद्दलचं समजलो.

सराफ वितळवतो तेव्हा तो नेमका हा प्रश्न सोडवतो. मुशीत सगळं एकजीव झालं की साल आणि गाभा असा भेद राहत नाही, झाळलेल्या जोडातला हलका धातूही त्यात मिसळतो. मग काढलेला नमुना पूर्ण वस्तूचा प्रतिनिधी ठरतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर गावोगावी हेच करत आले आहेत: सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, टंच काढायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ते नमुना एकजीव करून मग मोजतात. कसोटीच्या दगडावर कस लावणारा जाणकारसुद्धा संशय आला की आधी कानस मारतो आणि आतल्या धातूचा कस घेतो. कसोटीची अचूकता यंत्रापेक्षा कमीच. पण अचूक उपकरणाने चुकीच्या जागी मोजण्यापेक्षा, कमी अचूक उपकरणाने योग्य जागी मोजलेलं कधी कधी खऱ्याच्या जास्त जवळ जातं.

आता वॉकर

डी. आर. वॉकर यांचं 'द मेट्रॉलॉजी ऑफ द रोमन सिल्व्हर कॉइनेज' हे तीन भागांतलं काम १९७६ ते १९७८ या काळात प्रसिद्ध झालं. प्रश्न मोठा होता: रोमन सम्राटांनी चांदीच्या नाण्यात भेसळ केव्हा आणि किती केली? त्याआधी याची उत्तरं थोड्याथोडक्या नाण्यांवरून दिली जात. वॉकर यांनी एक्सआरएफने हजारो नाणी तपासली आणि सम्राटवार तक्ते दिले. पुढे कित्येक वर्षं रोमच्या अर्थव्यवस्थेवर लिहिणारा कुणीही या तक्त्यांना टाळू शकला नाही.

वॉकर बेसावध होते असं मुळीच नाही. पृष्ठभागावर चांदी जास्त दिसते, हे तेव्हा माहीत होतं. कॉन्डामॅं आणि पिकों यांनी १९६४ मध्येच रोमन दिनारांबाबत या विषयावर लिहिलं होतं. म्हणून वॉकर यांनी नाण्याची कड घासून, ताज्या धातूवर मोजणी केली. सराफाची कानसच म्हणा ना.

मग चुकलं कुठे? घासलं, पण पुरेसं खोल घासलं नाही. नाण्याची चकती ओतताना, तापवताना आणि उजळताना तयार झालेली साल घासलेल्या भागाच्या खालीही होती. केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग यांनी पुढे वेगळी वाट धरली. त्यांनी कडेतून बारीक ड्रिलने आत भोक पाडलं, सुरुवातीचा कीस टाकून दिला, आतला कीस आम्लात विरघळवून त्याचं विश्लेषण केलं. त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये केंब्रिजने काढलं.

फरक किती पडला ते एका उदाहरणात बघा. इसवी सन ६४ मध्ये नीरोने नाण्यात बदल केला. वॉकर यांच्या मोजणीत त्यानंतरच्या दिनारात साधारण ९३ ते ९४ टक्के चांदी दिसते. म्हणजे किरकोळ घट. बुचर आणि पाँटिंग यांना आतल्या धातूत मिळाली साधारण ८० टक्के, आणि नीरोच्याच शेवटच्या काळात ती पुन्हा ९० पर्यंत चढलेली. म्हणजे गोष्टच बदलली. आधीच्या आकड्यांत नीरोने हळूच चिमूटभर भेसळ केल्याचं दिसत होतं. नव्या आकड्यांत त्याने एका झटक्यात पाचवा हिस्सा तांबं घातलं आणि थोड्या वर्षांत निम्मं मागे घेतलं. का घातलं, का मागे घेतलं, हे प्रश्नच पहिल्या तक्त्यात उभे राहत नव्हते. चुकीच्या आकड्याचं खरं नुकसान हे असतं.

मग वॉकर यांना मोडीत काढायचं का?

नाही. इथे समीक्षकाने घाई करू नये. वॉकर यांच्या कामाचे दोन गुण आजही शिकण्यासारखे आहेत. एक, त्यांनी पद्धत आणि आकडे इतके उघड मांडले, की तीस-चाळीस वर्षांनी कुणाला तरी नेमकी कुठे चूक झाली हे दाखवता आलं. 'प्रमाणित पद्धतीने तपासणी केली' एवढ्या एका ओळीत त्यांनी विषय गुंडाळला असता, तर दुरुस्तीही शक्य नव्हती. दोन, एवढ्या मोठ्या संख्येने नाणी घेतल्यामुळे कुठल्या काळाकडे जास्त बारकाईने बघावं, याचा नकाशा तयार झाला.

माझा आक्षेप वेगळा आहे. कड घासल्यावर 'आता आपण आतल्या धातूपर्यंत पोचलो' हे गृहीत धरलं गेलं, तपासलं गेलं नाही. काही मोजक्या नाण्यांवर थोडं घासून मोज, आणखी घासून मोज, आकडा स्थिर होईपर्यंत असंच कर, एवढं पुरेशा खोलीपर्यंत झालं असतं तर साल किती जाड आहे ते कळलं असतं. यंत्र तेच, खर्च जवळपास तोच. चांदी उजळणारा कारागीर हे ओळखतो, कारण कानस कुठवर चालवली की रंग बदलतो हे त्याच्या डोळ्यांना सवयीने कळतं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते इथे शब्दशः लागू आहे.

दुसऱ्या बाजूलाही प्रश्न आहेतच. बुचर आणि पाँटिंग यांची पद्धत जास्त खरी, पण ती वस्तूला भोक पाडते. कुठलंही संग्रहालय हजारो नाण्यांना ड्रिल लावू देणार नाही. त्यामुळे संख्या कमी होते, आणि परवानगी मिळाली तीच नाणी तपासली जातात. वरवरचं पण पुष्कळ, की खोल पण थोडं? माझ्या मते थोडी नाणी खोलवर तपासून, त्यांच्या आधारे वरवरच्या मोजणीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवावं. नुसती एकच पद्धत निवडली की आपण तिच्या आंधळ्या जागेसकट ती निवडतो.

हे नाशिकमध्ये करायचं ठरवलं तर

रोम लांब वाटत असेल तर घराजवळचं उदाहरण घेऊ. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. इतिहासात याचा उपयोग सातकर्णीच्या विजयाचा पुरावा म्हणून होतो.

धातूच्या अभ्यासकाला यात आणखी काहीतरी दिसायला हवं. पुन्हा ठसा मारलेलं आणि न मारलेलं, दोन्ही मूळची नहपानाचीच नाणी. पुन्हा ठसा मारल्याने आतला धातू बदलत नाही. पण ठशाआधी नाणं तापवलं असेल, उजळलं असेल, तर साल बदलू शकते. म्हणजे दोन गटांत एक्सआरएफचे आकडे वेगळे आले आणि गाभ्याचे सारखे, तर तो फरक भेसळीचा नसून कारागिराच्या हाताचा आहे असं म्हणता येईल. रोमन नाण्यांत एका राजाचा धातू आणि दुसऱ्याचा धातू वेगळे करण्याची जी अडचण येते, ती इथे बरीच सैल होते.

या कल्पनेलाही लगेच सराफाचा प्रश्न विचारा. पुन्हा ठसा मारायला नाणी कशीही घेतली, की निवडून? झिजलेली आधी घेतली असतील तर? मातीत इतकी शतकं पडून राहिल्यामुळे दोन्ही गटांच्या साली सारख्याच बदलल्या, की वेगवेगळ्या? याची उत्तरं प्रपोजलमध्ये द्यावी लागतील.

आणि हे फक्त नाण्यांपुरतं राहत नाही. नाशिकच्या लेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे. ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने २,००० सुवर्ण, असा सरळ हिशेब दिला आहे. यावरून त्या काळातलं सोन्या-चांदीच्या किमतीचं गुणोत्तर काढायचा मोह होतो. पण ३५ हा नाण्यांचा दर आहे, धातूचा नव्हे. धातूवर यायचं तर वजन आणि शुद्धता दोन्ही लागतात. चांदी ९५ टक्के धरली की ८० टक्के, यावर तुमचं उत्तर साधारण १६ टक्क्यांनी हलतं. सालीवरचा आकडा उचललात, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारभावाबद्दल तुम्ही ठामपणे चुकीचं लिहाल.

आकडा दिसला की काय विचाराल

कुठलाही शोधनिबंध वाचताना, आणि स्वतःचा लिहिताना, माझ्या मते एवढं विचारावं.

पहिलं: नमुना कुठून घेतला? वरून, आतून, की एकजीव करून?

दुसरं: मोजणी किती खोलवरची आहे? 'नाण्यात इतके टक्के' आणि 'नाण्याच्या पृष्ठभागावर इतके टक्के' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

तिसरं: स्वतंत्र पद्धतीने पडताळणी झाली का, आणि किती नमुन्यांवर? हॉलमार्किंगची रचना इथे बघण्यासारखी आहे. दागिन्यांच्या लॉटमध्ये एक्सआरएफने प्राथमिक तपासणी होते, पण सोन्याच्या शुद्धतेचा अंतिम निकाल लॉटमधून काढलेल्या नमुन्याच्या अग्निपरीक्षेवर, म्हणजे भट्टीतल्या चाचणीवर, ठरतो. सोन्याला हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीसाठी सहा अक्षरांकांची एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून आली, तीही ऐच्छिक. त्यामुळे घरात पडून असलेल्या जुन्या चांदीचा निकाल अजून सराफाच्या कानशीवर आणि मुशीवरच आहे. मोड देणाऱ्या बाईच्या हातात किती रुपये पडणार, तेही त्यावरच.

चौथं: ही वस्तू घडवणाऱ्याने तिला काय काय केलं, हे संशोधकाला माहीत आहे का? 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणात उपकरणाचं मॉडेल, व्होल्टेज, वेळ, सगळं असतं. वस्तू कितीदा तापली, कशात उजळली, कुठे झाळली, हे बहुतेक वेळा नसतं. धातूवर काम करणार असाल तर उपकरणाच्या वेळेसाठी अर्ज करण्याआधी एखाद्या कारागिराकडे दोन-तीन दिवस बसा. त्याचा कामाचा वेळ जातो, तेव्हा त्याची मजुरी द्या, आणि जे त्याच्याकडून शिकलात ते आभारात नव्हे, पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

शेवटी एक गृहपाठ. जोगलटेंभीच्या साठ्यातली ५० नाणी तपासायला मिळाली, आणि त्यातल्या फक्त ५ नाण्यांना भोक पाडायची परवानगी आहे, असं समजा. ती ५ कशी निवडाल? एका पानात लिहून बघा. चिठ्ठ्या टाकून निवडणार असाल तर का, आणि दोन्ही गटांतून ठरवून घेणार असाल तर किती-किती, हे कारणासकट मांडा. पुढच्या लेखात माझी निवड सांगेन.